शाळेजवळचा स्पीड कॅमेरा: पाकीट आल्यापासून पावती मिळेपर्यंत

कॅनडातल्या आमच्या ऑन्टॅरियो प्रांतात स्पीड कॅमेरे १४ नोव्हेंबर २०२५ पासून बंद झाले. तेव्हापासून ओळखीतल्या निदान चार घरांतून एकच प्रश्न आलाय: "आधी आलेला दंड आता भरायचा का?" भरायचा. मला पोस्टाने आलेलं दंडाचं पाकीट, त्यावरचा अर्ज, फोनवरची सुनावणी आणि शेवटी भरलेले पैसे, हे सगळं नेमकं कायदा बदलत असतानाच घडलं. तेव्हा धड माहिती एका जागी मिळाली नव्हती, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

शनिवार, ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. हॉलमध्ये टबात विसर्जन झालं, वाटली डाळ झाली, आवराआवर झाली आणि रात्री नऊच्या सुमारास आम्ही घरी निघालो. गाडी माझ्या नावावर, चालवत होता नवरा. मुलं मागे पेंगत होती. वाटेत मुलीच्या शाळेचा रस्ता लागतो. तिथे मर्यादा ताशी ४० किमीची, आमची गाडी ५१ वर. हे अर्थातच मागाहून कळलं. त्या वेळी ना फ्लॅश दिसला ना काही आवाज आला.

पाकीट आलं २३ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी. महापालिकेचा शिक्का, आत 'पेनल्टी ऑर्डर', म्हणजे दंडाचा आदेश. माझ्या नावाने. मी गाडी चालवतच नव्हते, हे नवऱ्याला ऐकवून झाल्यावर कागद नीट वाचला. इथला नियम सरळ होता: कॅमेऱ्याला दिसते नंबर प्लेट, त्यामुळे दंड गाडीच्या मालकाला. चालवत कोण होतं, याची चौकशी व्हायची नाही आणि म्हणूनच लायसन्सवर डिमेरिट पॉइंट (नियम मोडल्याचे वाईट गुण) लागायचे नाहीत, इन्शुरन्स कंपनीलाही काही कळायचं नाही. रात्री साडेदहाला मी घाबरून इंटरनेटवर शोधत होते ते "इन्शुरन्स किती वाढेल" हेच. इथे ज्यांनी गाडीचा विमा काढलाय त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

पत्ता हा पहिला मुद्दा. पाकीट यायचं ते प्रांताच्या वाहन नोंदणीत जो पत्ता आहे त्यावर. घर बदललं की सहा दिवसांत सर्व्हिस ऑन्टॅरियो या सरकारी सेवा केंद्राला कळवायचं असतं. आपल्याकडचे नवे लोक बेसमेंटमधून अपार्टमेंटमध्ये जातात आणि हे काम राहून जातं. मग पाकीट जुन्या घरी पडायचं, मुदत टळायची, वर लेट फी चढायची. मला पाकीट वेळेत मिळालं हे नशीबच, कारण दोनच दिवसांनी कॅनडा पोस्टचा देशव्यापी संप सुरू झाला.

आता आकडे. दंड वेगाच्या हिशेबाने: मर्यादेच्या वर १९ किमीपर्यंत दर किलोमीटरला ५ डॉलर, २० ते २९ ला साडेसात, ३० ते ४९ ला १२. आमचे ११ किमी, म्हणून ५५ डॉलर. त्यावर गुन्ह्यांतल्या पीडितांसाठीच्या प्रांताच्या निधीचा हिस्सा, आणि प्लेटवरून मालक शोधून दिल्याबद्दल परिवहन मंत्रालयाचे सव्वाआठ डॉलर. सगळं मिळून ऐंशीच्या थोडं आत. म्हणजे "सगळे पैसे महापालिकेच्या खिशात" असं लोक म्हणायचे, ते पूर्ण खरं नाही. प्रांताचा वाटा प्रत्येक पाकिटात होता.

ऑर्डरवरचा नंबर आणि प्लेट टाकली की महापालिकेच्या साइटवर फोटो दिसतात. भांडायचं असो वा नसो, हे आधी करा. आमचे दोन फोटो होते, मागच्या बाजूने घेतलेले. प्लेट स्वच्छ वाचता येत होती, मागच्या काचेवर मुलांनी चिकटवलेला गणपतीचा स्टिकरसुद्धा. वरच्या काळ्या पट्टीत तारीख, सेकंदासकट वेळ, वेग, मर्यादा आणि रस्त्याचं नाव. प्लेट चुकीची वाचली गेली असेल, गाडी तुमची नसेल किंवा तेव्हा ती विकली गेली असेल, तर तुमची बाजू भक्कम. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

माझा राग दोन गोष्टींवर होता. एक, शनिवारी रात्री नऊला शाळेत चिटपाखरू नसतं, मग शाळेसाठीची मर्यादा कुणासाठी? दुसरा जास्त खरा: पाकीट यायला सतरा दिवस लागले. या काळात नवरा रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जात होता. रोजच जरा जोरात गेला असता तर पाकिटांची चळत एकदम आली असती. पोलिसाने अडवलं तर माणूस दुसऱ्या दिवशी हळू जातो. इथे मात्र समज मिळायच्या आधीच पुढचे दंड होऊन बसायचे. सुदैवाने पुढचं पाकीट आलं नाही, पण तो पंधरवडा मी रोज पोस्टाची पेटी धाकधुकीने उघडली. संप असूनही.

आणि मग २५ सप्टेंबरला प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी टोरांटोशेजारच्या व्हॉन शहरात पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की हे कॅमेरे म्हणजे लोकांकडून पैसे उकळायचं साधन आहे, आपण कायदा करून ते बंद करणार.

फोन वाजायला लागले. "भरू नकोस गं, कायदाच जाणारेय." "महिनाभर थांब, सगळ्यांचे माफ होतील." पुण्याहून मामाने कळवलं, लोक अदालतीची वाट बघ. मामा, इथे लोक अदालत नसते. पण सगळ्यांच्या बोलण्यात एवढा आत्मविश्वास होता की मीही दोन दिवस डळमळले. शेवटी महापालिकेला फोन लावला. पाऊण तास तीच ती धून ऐकल्यावर एका बाईंनी सांगितलं की आज लागू असलेला कायदा आजच्या दंडाला लागू, घोषणा म्हणजे कायदा नव्हे, आणि कायदा झाला तरी आधीचे दंड कायम राहतील. पुढे झालंही तसंच.

याच दिवसांत मोबाइलवर एक मेसेज आला: तुमचा वेगाचा दंड थकला आहे, खालच्या लिंकवर भरा, नाहीतर लायसन्स रद्द. हा शुद्ध फसवणुकीचा प्रकार. घरात खरंच पाकीट येऊन पडलेलं असताना असा मेसेज आला की बोट लिंककडे जातंच. महापालिका दंडाची ऑर्डर टेक्स्टने पाठवत नाही. पैसे फक्त कागदावर छापलेल्या साइटवर, पत्ता स्वतः टाइप करून भरा.

वाद घालायचा तर ऑर्डर बजावल्यापासून तीस दिवसांच्या आत 'स्क्रीनिंग'साठी, म्हणजे दंडाच्या फेरतपासणीसाठी, अर्ज करायचा. पूर्वी ही प्रकरणं कोर्टात जायची. तिथे गर्दी इतकी की काही शहरांनी प्रशासकीय दंडाची ही वेगळी पद्धत आणली. आमचं शहर त्यातलं. पहिली पायरी स्क्रीनिंग अधिकारी. ते पटलं नाही तर हिअरिंग अधिकारी, आणि त्यांचा निर्णय शेवटचा. न्यायाधीश नाही, वकील लागत नाही, अर्जाला फी नाही. वेळ घेऊन हजर राहिला नाहीत तर मात्र वेगळे पैसे लागतात, तेव्हा तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मी ३० सप्टेंबरला ऑनलाइन अर्ज केला. दुभाषी हवा का, असाही प्रश्न त्यात होता. सासूसासऱ्यांच्या नावावर गाडी असलेल्यांनी तो रकाना सोडू नये. कारणासाठी छोटीशी चौकट होती. मी शनिवार रात्र आणि उशिरा आलेलं पाकीट, हे दोन्ही लिहिलं. तारीख मिळाली २८ ऑक्टोबरची, फोनवर.

मधल्या महिन्यात मी या विषयाचं नको तितकं वाचलं. कॅमेऱ्यांना वाट करून देणारा कायदा २०१७ मधला, तेव्हाच्या लिबरल सरकारचा. पण शाळा आणि 'कम्युनिटी सेफ्टी झोन' (सुरक्षेसाठी खास जाहीर केलेले रस्ते) इथे कॅमेरे लावायची मुभा देणारे नियम डिसेंबर २०१९ पासून लागू झाले, ते फोर्ड यांच्याच सरकारच्या काळात. टोरांटोने जुलै २०२० मध्ये ५० कॅमेऱ्यांनी दंड सुरू केले, ते पुढे १५० पर्यंत गेले. सिककिड्स रुग्णालय आणि टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० ते २०२२ मधल्या टोरांटोतल्या २५० शाळांच्या परिसराचा अभ्यास केला; कॅमेरा असताना मर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटलं होतं. हा अभ्यास प्रसिद्ध झाला जुलै २०२५ मध्ये, म्हणजे बंदीच्या घोषणेच्या जेमतेम दोन महिने आधी.

दुसरी बाजूही पोकळ नाही. व्हॉनमध्ये कॅमेरे लागले आणि काही आठवड्यांत तीस हजारांवर दंड निघाले. लोक इतके भडकले की शहराने कार्यक्रम आधी थांबवला आणि सप्टेंबरात गुंडाळलाच. टोरांटोच्या पार्कसाइड ड्राइव्हवर २०२१ मध्ये एका भरधाव गाडीने थांबलेल्या गाडीला मागून धडक देऊन वृद्ध जोडप्याचा जीव घेतला. पुढच्या वर्षी तिथे कॅमेरा आला आणि तो शहरातला सर्वांत जास्त दंड काढणारा कॅमेरा ठरला. लोकांनी तो पुन्हा पुन्हा कापून पाडला, एकदा तर हाय पार्कमधल्या बदकांच्या तळ्यात नेऊन टाकला. सप्टेंबर २०२५ मध्ये टोरांटोत एका रात्रीत १६ कॅमेरे तोडले गेले.

पैशाच्या आरोपाबद्दल माझं मत इथेच बनलं. ज्या रस्त्यावर वर्षानुवर्षं हजारो लोक दंड भरत राहतात, तिथे रस्त्याची आखणीच जोरात चालवायला सांगते. रुंद, सरळ, मोकळा रस्ता करायचा, कडेला ४० ची पाटी लावायची आणि पावत्या मोजायच्या, याला लोकांनी नावं ठेवली तर नवल नाही. पण त्यावरचा उपाय रस्ता अरुंद करणं हा होता. कॅमेरा काढला की रस्ता तसाच राहतो.

हे सगळं डोक्यात असताना ऑक्टोबरात एका सकाळी मुलीला सोडायला गेले, तेव्हा मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या आमच्या क्रॉसिंग गार्डबाईंशी बोलणं झालं. सत्तरीच्या आहेत. नारिंगी जॅकेट, हातात 'थांबा'चा गोल फलक, बोटं कापलेले हातमोजे, कारण शिट्टी धरायला बोटं मोकळी लागतात. कॅमेरा यायच्या आधी काय होतं, असं विचारलं तर त्यांनी फलकाचा काठ दाखवला. एका जागी तो वाकलेला होता. बाई मुलांना घेऊन मधोमध उभ्या असताना एका गाडीचा आरसा घासून गेला होता. "नवा देतो म्हणाले, मी नको म्हटलं," त्या म्हणाल्या. कॅमेरा लागल्यावर गाड्या आपोआप थांबायला लागल्या का? तसं नाही. पण लांबूनच हळू होतात, त्यामुळे गाडी थांबणार की नाही याचा अंदाज घ्यायला मला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

मग मी जरा भोचकपणे त्यांच्या पगाराकडे वळले. टोरांटोच्या महापौर ऑलिव्हिया चाऊ यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की कॅमेऱ्यांच्या पैशातून शाळांचे क्रॉसिंग गार्ड पोसले जातात. आमच्या शहराचा हिशेब काय, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. मला मात्र यात एक मेख दिसते. कॅमेरा काम चोख करू लागला की लोक हळू जातात आणि उत्पन्न घटतं. त्या उत्पन्नावर गार्डचा पगार बेतला असेल, तर लोक शहाणे झाल्यावर बाईंना घरी बसवणार का? दंडाचा पैसा गतिरोधक, रस्त्याचे रंगपट्टे, नवा फुटपाथ अशा एकदाच होणाऱ्या कामांना जावा. पगार महापालिकेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून व्हावेत. महापालिकांनी हे आधीच केलं असतं तर "उकळतात" हा शब्द एवढा चिकटला नसता.

वीसहून अधिक महापौरांनी ऑक्टोबरात प्रीमियरना पत्र लिहून सरसकट बंदीऐवजी मधला मार्ग काढायची विनंती केली. प्रांतातल्या पोलीस प्रमुखांची संघटनाही कॅमेऱ्यांच्या बाजूने होती. उपयोग झाला नाही.

२८ ऑक्टोबरचा फोन. दिवाळीचा फराळ अजून डब्यांत होता, नवरा मुद्दाम घरून काम करत होता आणि स्पीकरवर ऐकत होता. स्क्रीनिंग अधिकाऱ्यांनी आधी ऑर्डरचा नंबर, नाव, पत्ता पडताळला. आवाज शांत, घाई नाही. मी शनिवार रात्रीचा मुद्दा मांडला. त्यांनी विचारलं, पाटीवर वेळ लिहिली आहे का? नव्हती, मी आधीच पाटीचा फोटो काढून अर्जाला जोडला होता. काही शाळांजवळ ठरावीक वेळेपुरती, चमकत्या दिव्यांची मर्यादा असते. तशी पाटी नसेल तर मर्यादा आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास. शाळेचं मैदान संध्याकाळी आणि सुट्टीतही वापरात असतं, हे त्यांनी वर जोडलं. ते खरंच होतं. रविवारी तिथे आपलीच मुलं क्रिकेट खेळतात. पाकीट उशिरा आलं, यावर त्यांनी पाठवल्याची तारीख सांगितली; ती नियमात बसत होती. नवरा चालवत होता हे सांगायचा मोह मी आवरला, कारण त्याने काही फरक पडत नाही हे माहीत होतं. समोरून नवरा मात्र हातवारे करून "सांग, सांग" म्हणत होता.

दहाएक मिनिटांत निकाल: दंड कायम. आर्थिक अडचण असेल तर कागद दाखवून रक्कम कमी करून मागता येते किंवा मुदत वाढवून मिळते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. नोकरी गेलेल्यांनी, विद्यार्थ्यांनी हे जरूर विचारावं. यात संकोच कसला. आम्ही फक्त मुदत मागितली, महिनाभर मिळाली. हिअरिंगला जायचा हक्क होता, पण नवा मुद्दा एकही नव्हता. निर्णय त्याच संध्याकाळी ईमेलने आला.

दोनच दिवसांनी, ऑक्टोबर संपता संपता, बंदीचं विधेयक मंजूर झालं. १२ नोव्हेंबरला मी क्रेडिट कार्डाने पैसे भरले. लगेच पावती आली, ती पीडीएफ करून गाडीच्या कागदांच्या फोल्डरमध्ये टाकली.

न भरल्यास काय? कुणी दारात येत नाही आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. थकबाकी परिवहन मंत्रालयाला कळवली जाते आणि प्लेटचं नूतनीकरण अडतं. जुलै २०२४ पासून नूतनीकरण आपोआप होतं आणि प्लेटवरचे स्टिकर तर २०२२ मध्येच गेले, त्यामुळे आपली प्लेट मुदतबाह्य झाली आहे हे पुष्कळदा पोलिसाने अडवेपर्यंत कळत नाही. भाड्याची गाडी असेल तर ऑर्डर कंपनीच्या नावाने जायची. कंपनी दंड तुमच्या कार्डावर टाकायची आणि वर स्वतःची फी लावायची. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी तेव्हा गाडी घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

१४ नोव्हेंबरनंतर आमच्या शाळेजवळ कॅमेऱ्याच्या जागी मोठी तात्पुरती पाटी आली. कायम स्वरूपाच्या, चमकत्या दिव्यांच्या पाट्या सप्टेंबर २०२६ पर्यंत बसवायच्या, असं ठरलं. गतिरोधक, राउंडअबाउट वगैरेंसाठी प्रांताने २१ कोटी डॉलरचा निधी जाहीर केलाय. आमच्या रस्त्यावरून मात्र सिटी बस जाते, आणि बस व अग्निशमनच्या गाड्यांच्या मार्गावर गतिरोधक द्यायला महापालिका सहसा तयार नसते. कॅमेरा नेमका अशाच रस्त्यांवर उपयोगी पडायचा. पालकांच्या गटाने त्याऐवजी पादचारी मार्ग उंचवट्यावर घ्यावा आणि शाळेपुरती लेन अरुंद करावी, असा अर्ज नगरसेवकांच्या कार्यालयात दिलाय. पोच मिळाली आहे. आधी गाड्यांचा वेग मोजणार, मग पुढचं. मोजणी शाळेच्या सुट्टीत करू नका, असं अर्जात ठळक लिहिलंय. कुणाच्या शाळेने असा अर्ज मंजूर करून घेतला असेल तर त्यांनी कोणते कागद जोडले होते, ते मला जरूर कळवा.